साथीच्या काळातली कादंबरी आणि देवीचा कौल

पोफळबाग | १३ नोव्हेंबर २०२१

मार्च २०२० मध्ये माझ्या कादंबरीची २४० हस्तलिखित पाने झाली होती. आज, वीस महिन्यांनंतर, ती १९० आहेत. त्यांपैकी जुनी म्हणावीत अशी जेमतेम ७० उरली असून बाकीची सर्व नवीन आहेत. या काळात लिहिणाऱ्या इतरांची गत काय झाली, आणि विशेषतः श्रद्धेविषयी लिहिताना कोणाचा हात अडखळला का, हे विचारण्यासाठी हा धागा काढत आहे. आधी माझे सांगते. ते थोडे लांबणार आहे.

मी दापोली तालुक्यात समुद्राकाठी, हर्णैपासून फार दूर नसलेल्या गावात राहते. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. घराभोवती नारळ-पोफळीचे आगर आहे, किंवा होते. पहिली कादंबरी बारा वर्षांपूर्वी आली, तिच्या प्रती अजून माळ्यावर आहेत. दुसरी कादंबरी १८९७ च्या प्लेगची आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी गाठीचा ताप म्हणजे प्लेगच, हे ओळखले. त्यानंतर शहर रिकामे होऊ लागले आणि कोकणातली माणसे आगबोटींनी गावाकडे परतू लागली. आगबोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावांतून काठावर आणावे लागे. माझ्या कादंबरीतल्या गावापुढे एकच प्रश्न आहे: हे पडाव काठाला लागू द्यावेत की नाहीत? गाव ग्रामदेवतेला कौल लावते.

घाटावरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. गुरव देवीच्या मूर्तीला उजव्या आणि डाव्या बाजूस ओल्या पाकळ्या लावतो, मानकरी गाऱ्हाणे घालून प्रश्न विचारतात आणि पाकळी कोणत्या बाजूची पडते याची सगळे वाट पाहतात. आमच्याकडे उजवी पडली की होकार समजतात. माझ्या जुन्या मसुद्यातला गुरव डावी पाकळी अधिक ओली करून घट्ट चिकटवतो, म्हणजे हवी ती उजवीच पडेल. त्याची सून हे पाहते आणि सातव्या प्रकरणात भर सभामंडपात साऱ्या गावासमोर त्याचे पितळ उघडे पाडते. हे प्रकरण मला फार आवडत असे. ते मी दोन-तीन ठिकाणी वाचूनही दाखवले होते आणि टाळ्या मिळाल्या होत्या.

१८९७ च्या साथरोग कायद्यावरचे प्रकरण लिहीत असतानाच, १३ मार्च २०२० रोजी, तोच कायदा आपल्या राज्यात लागू झाल्याची बातमी आली. लाज वाटते, पण सांगते, की माझ्या मनात पहिल्यांदा आनंद आला. आयता विषय दारात चालून आला, असे वाटले. पुढचे दोन महिने मी एक ओळ लिहिली नाही.

एप्रिल-मेमध्ये चाकरमानी येऊ लागले. काही जण मुंबई-गोवा महामार्गाने मैलोन् मैल चालत आले होते. त्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवत आणि वाडीतल्या घरांनी आळीपाळीने पेज, भात पोहोचवायचा, असे ठरले होते. मी ज्या वर्गात तीस वर्षे शिकवले त्याच वर्गाच्या खिडकीत ताट ठेवून मागे सरायचे आणि आतून माझ्याच जुन्या विद्यार्थ्याने ते उचलायचे, हा प्रकार मी कादंबरीत लिहिला असता तर मलाच तो ओढूनताणून आणलेला वाटला असता.

मग गावात कुरबूर सुरू झाली. चौदा दिवस शाळेत कशाला, आपलीच माणसे आहेत, घरी घेऊ या, असे अर्धे गाव म्हणे. उरलेले अर्धे त्यांना शाळेतही ठेवायला तयार नव्हते. शेवटी वडीलधाऱ्यांनी कौल लावायचे ठरवले. देवळात पाच जण, बाकीचे बाहेर फणसाखाली अंतर राखून उभे. गाऱ्हाणे झाले, प्रश्न विचारला गेला आणि पाकळी काही पडेना. सव्वा तास आम्ही उभे होतो. गुरवाची पाठ घामाने भिजलेली मला बाहेरून दिसत होती. शेवटी मानकरी म्हणाले, "आई बोलत नाही, उद्या बघू." दुसऱ्या दिवशी कोणीही देवळाकडे फिरकले नाही. ग्राम कृती दलाची बैठक झाली, चौदा दिवस शाळेतच असा निर्णय झाला आणि त्या बैठकीत कौलाचा उल्लेखही निघाला नाही.

त्या संध्याकाळी परतताना माझ्यासोबत गावात मासळी विकणारी एक बाई होती. मी तिला सहज विचारले, पाकळी का पडली नसेल? ती म्हणाली, "त्याला हात लावायचा असता तर त्याने लावला असता, बाई. आज कसा लावील? त्याचाच पोरगा शाळेत आहे."

मी जागच्या जागी थांबले. माझ्या कादंबरीचा सारा डोलारा ज्या रहस्यावर उभा होता ते रहस्य या बाईला ठाऊक होते, बहुधा फणसाखाली उभ्या असलेल्या सर्वांनाच ठाऊक होते, आणि तरीही ते सव्वा तास हात जोडून उभे होते. गुरवाचा हात असतो हे त्यांना कळत होते आणि देवी बोलते यावरही त्यांचा विश्वास होता. या दोन गोष्टींची त्यांच्या मनात टक्कर होत नव्हती. टक्कर होत होती ती फक्त माझ्या सातव्या प्रकरणात. मी साऱ्या गावाला भोळे ठरवले होते आणि एकट्या सुनेला, म्हणजे स्वतःला, शहाणे.

ते प्रकरण मी त्याच आठवड्यात फाडले असते तर गोष्ट शोभून दिसली असती. फाडले नाही, पेटीत ठेवले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले आणि आमच्या घराची निम्मी कौले उडाली. (देवीचा कौल मिळाला नाही, घराची कौलेही गेली, असे सासूबाई म्हणाल्या. आमच्या घरात विनोद करण्याचा मान त्यांचाच होता.) पेटीत पाणी शिरून तीसेक पाने शाई फुटून वाचण्यापलीकडे गेली, त्यांत सातवे प्रकरण होते. ६८ पोफळी आणि ११ माड आडवे झाले. पोफळ पुन्हा लावली तरी धरायला पाच-सात वर्षे लागतात, तेव्हा ते उत्पन्न माझ्या हयातीत पूर्वीसारखे होईल अशी आशा मी सोडली आहे. वाडीत सत्तावीस दिवस वीज नव्हती. पण झाडे गेल्यामुळे आमच्या अंधाऱ्या पडवीत सकाळी आठपासूनच लख्ख ऊन येऊ लागले. मी तेथे बसून लिहू लागले, आणि जून ते ऑगस्टमध्ये ८० पाने झाली. इतकी सलग मी कधीच लिहिली नव्हती.

सप्टेंबरमध्ये, गणपती जाऊन पंधरवडाही झाला नव्हता तेव्हा, सासूबाई कोरोनाने तालुक्याच्या ठिकाणी वारल्या. त्यांना घरी आणता आले नाही. दहावे, तेरावे भटजींनी मोबाईलवरून सांगितले आणि यजमानांनी पडवीत बसून केले. त्यानंतर मार्चपर्यंत मी लिहिले नाही. त्यांचा तिन्हीसांजेचा देवापुढचा दिवा लावणारे कोणी उरले नाही म्हणून मी लावू लागले. मी आस्तिक झाले, असे त्यावरून कोणी समजू नये. काही दिवस विसरतेही. मात्र दिवा लावताना जे मनात येते त्याला जुन्या मसुद्यातली एकही ओळ पुरी पडत नव्हती, हे मला दिसत होते.

आता प्रश्न असा, की गुरवाचा हात सर्वांना ठाऊक असेल तर माझ्या सुनेने करायचे काय? तिच्या हाती उघड करण्यासारखे काही राहिलेच नाही. मी १९० पानांवर येऊन तेथेच थांबले आहे.

उलटावारा | १३ नोव्हेंबर २०२१

ताई, आपले लेखन दोनदा वाचले. मी आरोग्य खात्यात गुहागर भागात आरोग्य सहाय्यक होतो आणि निवृत्त झाल्यानंतर साथीत पुन्हा कामावर बोलावला गेलो. त्यामुळे थोडे कडू लिहीत आहे, राग मानू नये.

मासळीवाल्या बाईंचे वाक्य सुंदर आहे, यात वाद नाही. परंतु ज्याला ठाऊक आहे आणि जो गप्प राहतो, त्याच्या गप्प राहण्याची किंमत कोण मोजतो, हेही कादंबरीत आले पाहिजे. मी एका वाडीत तपासणीला गेलो असता, कौल मिळाला आहे, हा ताप बाधेचा आहे, असे सांगून एका घराने चार दिवस आम्हाला आत घेतले नाही. त्या घरातल्या म्हाताऱ्याला उशिरा हलवले गेले. त्यांनाही गुरवाचा हात ठाऊक असेलच की! ठाऊक असूनही त्यांनी तो मानला, कारण तो त्यांच्या मनासारखा होता.

दुसरे असे, की १८९७ मध्ये आगबोटीतून उतरणारे बहुतेक गिरण्यांतले आणि गोदीतले कामगार असणार. त्यांच्यात सर्व जातींचे लोक होते. देवळाच्या अंगणात उभे राहण्याचा अधिकारही ज्यांना नव्हता त्यांच्याविषयी कौल विचारला जात होता. त्यांना विचारले कोणी? आपला सभामंडप फार एकजीव दिसतो.

आणखी एक सुचवतो. प्लेगची लस तयार करणारे शास्त्रज्ञ हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत स्वतःच्या शरीरावर ती लस टोचून घेतली. दोन महिन्यांनी, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. आपल्या गावापर्यंत यांतले काहीच पोहोचत नाही का? श्रद्धा म्हणजे केवळ पाकळी नव्हे; रुग्णाला खांद्यावर घेऊन धावणे हीसुद्धा कसलीतरी श्रद्धाच असली पाहिजे, आणि तिला देव लागला नाही.

पोफळबाग | १४ नोव्हेंबर २०२१

राग कसला? आपण म्हणता ते अंगणाचे खरे आहे. जुन्या मसुद्यात गावकुसाबाहेरच्या वाडीतील एकच पात्र आहे आणि ते निरोप आणण्यापुरते येते. हे माझ्या लक्षात आले नव्हते असे म्हणणार नाही. लक्षात येऊनही मी पुढे गेले. लस आणावी का, याविषयी मात्र साशंक आहे. कादंबरीत लस आणि पाकळी समोरासमोर आली की वाचक लगेच बाजू घेतो आणि मग मला काही लिहायला उरत नाही. आपल्या त्या घराविषयी अधिक लिहाल का? चार दिवस आत न घेणारे दार कोण धरून उभे होते?

उलटावारा | १४ नोव्हेंबर २०२१

म्हाताऱ्याची मुलगी. आणि खरे सांगायचे तर ती कौलाचे नाव सांगत होती, पण तिला भीती होती ती बापाला नेल्यावर तो परत दिसणार नाही याची. तेव्हा तसे कोणालाच दिसत नव्हते. मी हे काल लिहायला हवे होते.

बाणकोटखाडी | १४ नोव्हेंबर २०२१

नमस्कार. मी कोकणी मुसलमान असून व्यापारी जहाजावर काम करतो. लेखक नाही, वाचक आहे. साथ सुरू झाली तेव्हा माझा नऊ महिन्यांचा करार संपत आला होता, पण खलाशांची अदलाबदल बंद झाल्याने चौदा महिने जहाजावरच राहिलो. बंदर दिसे, उतरता येत नसे. तेव्हा, पडाव काठाला लागू द्यावा की नाही, हा प्रश्न मी पडावाच्या आतून वाचत आहे, असे समजावे.

ताई, आपल्या कादंबरीत काठावरची माणसे पुष्कळ आहेत, पण पडाव वल्हवणारे कोण? आगबोटीवरचे खलाशी कोण? बाणकोट, दाभोळ, हर्णै या बंदरांत ही कामे करणाऱ्यांत आमचीही घरे होती. गावाने कौल लावला आणि पडाव अडवला, तर रात्रभर ते पडाव घेऊन पाण्यात थांबणारा तांडेल, म्हणजे नावेचा म्होरक्या, आपल्या पद्धतीने दुआ करीत असेल, आणि त्याच्या मागे बसलेले उतारू त्यांच्या देवीला हाका मारीत असतील. ते दृश्य मला आपल्या सभामंडपाहून मोठे वाटते.

माझ्या आजोबांच्या घरी सांगत, की प्लेगच्या साली मुंबई बंदरातून हजला जाणे बंद झाले होते. पुढे मी वाचले, तर ते खरेच होते, १८९७ मध्ये सरकारने ही वाहतूक थांबवली होती. २०२० मध्येही हज फक्त सौदीत राहणाऱ्या मोजक्या लोकांनाच करता आला. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ त्या वर्षी जाणार होते, आयुष्यभराची पुंजी साठवून. ते म्हणाले, बोलावणे आले नाही, एवढेच. मला वाटते, आपल्या मानकऱ्यांचे "आई बोलत नाही" आणि यांचे "बोलावणे आले नाही" ही एकाच जातीची वाक्ये आहेत. २५ मे २०२० ची ईद मी जहाजाच्या डेकवर चार जणांसोबत केली. त्यांतला एक केरळचा ख्रिस्ती होता. शेवया त्यानेच केल्या, वाईट झाल्या होत्या.

रविवारवाचक | १४ नोव्हेंबर २०२१

पहिल्या कादंबरीच्या माळ्यावरच्या प्रतींपैकी एक मला पाठवा, पैसे आगाऊ देतो.

वाशिष्ठीकाठ | १५ नोव्हेंबर २०२१

मी चिपळूणची आहे. आपण १८९७ चे तपशील कोठून घेतलेत हे विचारणारच होते, कारण आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात बसून मीही एक जुने गाव शोधत होते. ही संस्था १८६४ ची आहे. २००५ च्या पुरात तिचे नुकसान झाले, ती सावरली, आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी पुन्हा शहरात शिरली. चिखल उपसायला गेलेल्यांत मी होते. पुस्तक भिजले की फुगते आणि कपाटात घट्ट अडकते, ओढले तर पाने हातात येतात. आम्ही फळीच कापत होतो.

माझ्या घरात तळमजल्यावर आठ फूट पाणी होते. सहा वर्षांच्या टिपणांच्या वह्या गेल्या. देव्हाराही गेला, देव चिखलात सापडले, एक बाळकृष्ण सापडला नाही. लेखिकेने इथे काहीतरी खोल बोलावे अशी अपेक्षा असेल, पण मला त्या दिवशी वह्यांचे अधिक वाईट वाटले, आणि वाटले याची भीतीही वाटली. महिनाभर मी आईला हे सांगितले नाही.

आपल्या सुनेविषयी: ती पाहते, एवढे पुरेसे नाही का? तिला बोलायला का लावता? आपण स्वतः फणसाखाली सव्वा तास उभ्या राहून गुरवाची घामाने भिजलेली पाठ पाहिलीत. कादंबरीत ती पाठ कोणी पाहिली आहे? जुन्या मसुद्यातल्या सुनेने फक्त त्याचा हात पाहिला.

डबलबारी | १५ नोव्हेंबर २०२१

कुडाळहून लिहितो. भजन हा माझा धंदा नव्हे, पण त्याच्याशिवाय माझी ओळखही नाही. मार्च २०२० मध्ये दशावतारी नाटकांचा हंगाम मध्येच मोडला, जत्रा थांबल्या, आणि त्या वर्षी गणपतीत प्रथमच आमचा मृदंग खोळीतून निघाला नाही. घरात पाच माणसांनी आरती केली. पाच माणसांची आरती फार लवकर संपते, हे मला तेव्हा कळले.

एक दुरुस्ती सुचवतो. आपण गाऱ्हाण्याला प्रश्नाची प्रस्तावना मानलेत असे दिसते. आमच्याकडे गाऱ्हाणे घालणारा सगळ्या गावाच्या वतीने बोलतो, कोण कोठे अडले आहे, कोणाचे काय चुकले आहे हे सांगतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणतात. तो होकार लोकांचा असतो. पाकळी पडो न पडो, त्याआधीच गाव बऱ्याच गोष्टींना हो म्हणून बसलेले असते. उलटावारा यांनी विचारले आहे, की उतारूंना कोणी विचारले? गाऱ्हाण्यात त्यांची नावे घेतली गेली का, ते पाहा. नाव घेतले आणि लोकांनी "व्हय" म्हटले, तर पाकळीचे काम निम्मे झाले. नाव वगळले, तर सुनेला सांगण्यासारखे काही उरले आहे.

पोफळबाग | १७ नोव्हेंबर २०२१

दोन दिवस उत्तर दिले नाही, कारण लिहीत होते. डबलबारी, आपले शेवटचे वाक्य वाचून मी संगणक बंद केला आणि वही काढली.

आमच्या गाऱ्हाण्याची पद्धत थोडी निराळी आहे, परंतु नावे घेण्याची रीत आमच्याकडेही आहे. सातवे प्रकरण नव्याने झाले आहे, १४ पाने. पडाव बंदराबाहेर थांबले आहेत, तांडेल दाभोळचा आहे (बाणकोटखाडी, त्याला शेवया करता येत नाहीत, एवढे आपल्याकडून घेतले). गुरव पाकळ्या लावतो, सून त्याची पाठ पाहते. मानकरी गाऱ्हाणे घालतात आणि पडावातल्या माणसांची नावे घेतात, जी त्यांना माहीत आहेत ती. गावकुसाबाहेरच्या वाडीतली जी चार माणसे त्याच पडावात आहेत त्यांची नावे येत नाहीत. लोक "होय महाराजा" म्हणतात. अंगणाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे, त्या चौघांपैकी एकाची बायको उभी आहे आणि ती प्रत्येक वेळी, नाव न येताही, "होय महाराजा" म्हणते आहे. सून तिच्याकडे पाहते. पाकळी पडते की नाही, हे मी अजून लिहिलेले नाही आणि बहुधा लिहिणार नाही.

उलटावारा, दार धरून उभी असलेली ती मुलगी बाविसाव्या प्रकरणात येईल. तिच्यासमोर लस टोचणारा आणावा की आणू नये, यावर आपल्याशी भांडायचे आहे.

वाशिष्ठीकाठ, हे प्रकरण मी आपल्याला आधी वाचायला देऊ इच्छिते. एसटीने पार्सल पाठवले असते, पण संप चालू आहे. शुक्रवारी आमच्या वाडीतले एक जण वडापने खेडपर्यंत येणार आहेत, त्यांच्याजवळ पाकीट देते. खेडहून पुढे ते चिपळूणपर्यंत कसे यावे, हे आपण सुचवा. पाकीट प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधले आहे.

वाशिष्ठीकाठ | १७ नोव्हेंबर २०२१

माझा भाऊ शनिवारी खेडला दुचाकीने जाणार आहे. स्थानकासमोर थांबायला सांगते. पिशव्या तीन करा.